सोलापुरात किचन ट्रॉली करताय? कुठं कुठलं मटेरियल घालायचं आणि काम कसं करून घ्यायचं

ट्रॉलीचं काम काढलं की घरात पहिली चर्चा रंगावरच होते, ग्लॉसी का मॅट, वर क्रीम खाली कॉफी का उलटं, सनमायकाचे कॅटलॉग पसरून आख्खी संध्याकाळ जाते. रंग आवडीचा घ्याच, रोज बघायचंय ते. पण ट्रॉली चार वर्षांत कुजणार का वीस वर्षं टिकणार हे बॉक्सच्या खालच्या कडेवर, सिंकच्या आतल्या बाजूवर आणि बिजागरीचे स्क्रू कशात बसलेत त्याच्यावर ठरतं, आणि या तीन जागा कॅटलॉगात कुठंच दिसत नाहीत. म्हणून हे सगळं क्रमानं लिहितोय, सुताराला ॲडव्हान्स द्यायच्या आधी वाचा.

आधी आपल्या गावाचं हवापाणी समजून घ्या, कारण यूट्यूबवरचे बरेच सल्ले मुंबई-कोकणाला धरून असतात. तिकडं हवाच दमट, पावसाळ्यात चार महिने लाकूड ओल पितं. आपल्याकडं हवा कोरडी, उन्हाळ्यात पारा ४२-४४ ला जातो, पाऊस बेताचा. म्हणजे हवेतनं ओल लागून वरचं कपाट फुगायची भीती इथं फारशी नाही. आपली ओल येते खालून. नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, आणि आलं की घागरी, पिंप, टब, भांडी सगळं भरून ठेवायचं, त्यात पाईप निसटतो, पिंप भरून वाहतो, पाणी फरशीवरनं ओट्याखाली शिरतं आणि ते कुणाला दिसत पण नाही. वर आपल्याकडं फरशी बादलीभर पाणी टाकून धुवायची सवय. तेव्हा माझा हिशोब सरळ आहे, खालच्या एक-दीड फुटात आणि सिंकखाली चांगलं मटेरियल घाला, पैसे वाचवायचेच असतील तर वरच्या कपाटात वाचवा. आख्ख्या किचनला एकच महागडी शीट लावायची गरज नाही आणि आख्ख्या किचनला एकच स्वस्त शीट लावणं तर चूकच.

पहिलं काम: ओट्याखाली काय आहे ते बघा

जुन्या घरांत, अगदी विजापूर रोड, होटगी रोडच्या पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या अपार्टमेंटमध्ये सुद्धा, ओट्याखाली कडप्प्याचे नाहीतर शहाबादी फरशीचे उभे-आडवे कप्पे असतात. बरेच इंटेरियरवाले आल्या आल्या म्हणतात हे सगळं तोडू. घाई करू नका. दगडाला ओल लागत नाही, वाळवी लागत नाही, वजन कितीही ठेवा वाकत नाही. सिंकखाली आणि गॅसच्या टाकीच्या जागी तरी तो दगड राहू द्या आणि नुसती फ्रेम आणि शटर लावा. बाकीच्या कप्प्यात ड्रॉवर हवे असतील तर तिथला आडवा कडप्पा काढून प्लायचा बॉक्स आत सरकवता येतो. पण उभा कडप्पा ओट्याला आधार देत असतो, ग्रॅनाइट त्याच्यावर टेकलेलं असतं, तो मिस्त्रीला विचारल्याशिवाय हलवायचा नाही.

दगडी कप्प्यांची अडचण एकच, ते गुण्यात, म्हणजे काटकोनात, नसतात. वर २२ इंच तर खाली साडेएकवीस, पुढं एक माप मागं दुसरं. म्हणून प्रत्येक खणाचं माप वर, मधे, खाली असं तीन ठिकाणी घ्यायला लावा आणि सगळ्यात कमी मापाप्रमाणं बॉक्स करायला सांगा. आणि बिजागरी डायरेक्ट कडप्प्यावर बसत नाही, पुढं प्लायची किंवा ॲल्युमिनियम सेक्शनची फ्रेम दगडात ड्रिल करून फास्टनरनं पक्की करावी लागते, नुसती सिलिकॉननं चिकटवलेली फ्रेम वर्षभरात हलायला लागते.

नवीन घर असेल तर मात्र ओटा भरायच्या आधीच ट्रॉलीचं डिझाईन ठरवा. ओट्याची उंची साधारण ३२ ते ३४ इंच, खोली २४ इंच, वरची कपाटं १२ ते १४ इंच खोल आणि ओट्यापासून २२ ते २४ इंच वर, ही मापं बहुतेक घरांत चालतात. पण ज्या रोज उभं राहून भाकरी थापणार आहेत त्यांना ओट्यापाशी उभं करून उंची ठरवा. हात कोपरात वाकवला की कोपरापेक्षा तीन-चार इंच खाली ओटा आला पाहिजे, नाहीतर खांदे दुखतात, आणि भाकरी थापताना पोळी लाटण्यापेक्षा जास्त जोर लागतो.

शीट कुठली घ्यायची

इथं जरा थांबून वाचा, पैसे इथंच जातात.

प्लायमध्ये दुकानात तीन नावं ऐकू येतील. एमआर म्हणजे कमर्शियल प्लाय, हा नुसता दमटपणा सोसतो, पाणी नाही. बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा. आणि ७१० म्हणजे मरीन, आयएस ७१० या स्टँडर्डचा. बीडब्ल्यूआरची टेस्ट ८ तास उकळायची असते, मरीनची ७२ तास, यावरनं दोन्हीतला फरक लक्षात येईल. सिंकखाली आणि खालच्या सगळ्या बॉक्सला ७१०, बजेट कमी असेल तर सिंक सोडून बाकी खाली बीडब्ल्यूआर. एमआर खाली अजिबात नको, कितीही ओळखीचा दुकानदार असू दे.

आता गंमत नाही, खरंच नीट बघायची गोष्ट, शीटवर मोठ्या अक्षरात ७१० छापलंय म्हणून ती ७१० होत नाही. आयएसआय मार्क पाहिजे आणि त्याच्यासोबत सीएम/एल नं सुरू होणारा लायसन्स नंबर पाहिजे. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो नंबर टाकला की कंपनीचं नाव आणि कुठल्या मालाचं लायसन्स आहे ते दिसतं. दुकानातच उभं राहून टाका, दोन मिनिटांचं काम आहे. मग शीटची कड बघा. थरांमध्ये काळ्या फटी, पोकळ्या, एकावर एक चढलेले तुकडे दिसले तर नको. टेप नाही, कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावा, १८ एमएम सांगून १६ चा माल गळ्यात पडतो. बोटानं सगळीकडं टकटक करत जा, मधेच आवाज पोकळ आला तर आत थर सुटलेला असतो. आणि शीट सपाट फरशीवर टाकून बघा, कोपरा उचललेला असेल तर ती शटरला वाकणार.

घरी करायची टेस्ट: दुकानातनं हातभर लांब तुकडा मागून घ्या, त्यातनं तीन-तीन इंचाचे दोन चौकोन कापा, एक तसाच ठेवा आणि एक पातेल्यात सात-आठ तास उकळा, पाणी आटेल तसं घालत राहा. मग सावलीत वाळवून दोन्ही शेजारी ठेवा. थर सुटले, कडेला नख घातल्यावर पापुद्रा निघाला तर तो प्लाय सिंकखाली घालायच्या लायकीचा नाही.

एचडीएचएमआर हल्ली सगळेच सुचवतात. हा लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला घट्ट बोर्ड, साध्या एमडीएफपेक्षा जड आणि पाण्याला बराच बरा. कड एकदम साफ निघते, डिझाईनचं राऊटिंग, म्हणजे मशीननं कोरणं, छान होतं, आत पोकळी नसते. शटरला आणि वरच्या कपाटांना चांगला. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा, एक म्हणजे वजन, आठ बाय चारची १८ एमएम शीट ४५ किलोच्या आसपास जाते, तेवढीच प्लायची ३२-३५ किलो, म्हणजे मोठ्या शटरला बिजागऱ्या जास्त लागणार. आणि दुसरं, पाणी सोसतो याचा अर्थ साचलेल्या पाण्यात उभा राहतो असा नाही. शिवाय स्क्रू एकदा काढून परत त्याच भोकात घातला की पकड कमी होते, प्लायमध्ये तेवढी होत नाही.

साधा एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड. रेडीमेड मॉड्युलर किचनच्या स्वस्त पॅकेजमध्ये बहुतेक प्रीलॅम (आधीच लॅमिनेट चढवलेला) पार्टिकल बोर्डच असतो. वरच्या कपाटात, छोट्या खणात, आपल्या कोरड्या हवेत तो चालतो हे मी मानतो. पण खाली नको. एकदा कडेतनं पाणी शिरलं की तो फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही, बिस्किटासारखा भुगा होतो. आणि लांब फळीला वाकतो.

पीव्हीसी फोम बोर्ड किंवा डब्ल्यूपीसी, लोक म्हणतात पाणी नाही, वाळवी नाही, मग सगळं ह्याचंच करू. पाण्याचं खरंय. पण स्क्रूची पकड कमी, लांब फळी वजनानं झोळ धरते, आणि उष्णता चालत नाही, पीव्हीसी ७५-८० डिग्रीच्या आसपास मऊ पडायला लागतं. शेगडीच्या शेजारी, ओव्हनच्या खणात हा बोर्ड नको. सिंकखालच्या बॉक्सला मात्र चांगला, तिथं उष्णता पण नसते आणि वजन पण नसतं. घेताना जास्त डेन्सिटीचा घ्या, अंगठ्याच्या नखानं दाबल्यावर खड्डा पडला तर हलका आहे.

ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या, वरनं पातळ थर) फक्त उंच शटरला, चार फुटाच्या वर, कारण लांबीत तो प्लायपेक्षा सरळ राहतो. सागवानाची फ्रेम करायची जुनी पद्धत सुंदर आहे, पण आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात नीट न वाळलेलं लाकूड आकसतं आणि सांधे उघडतात, तेव्हा पक्का मुरलेला सागवान मिळत असेल तरच. स्टील, ॲल्युमिनियमचे बॉक्स पण मिळतात, वाळवीचा फार त्रास असलेल्या तळमजल्याला विचार करण्यासारखे.

वरनं काय लावायचं

लॅमिनेट, म्हणजे सनमायका, १ एमएमचा बाहेरनं. आतनं पातळ लायनर किंवा ०.८ चा. आतली बाजू कोरी ठेवून नुसता रंग मारायला सांगू नका, कारण शीटच्या एकाच बाजूला लॅमिनेट लावलं की दोन बाजूंचा ताण वेगळा होतो आणि शटर केळ्यासारखं वाकतं, सुताराचा दोष नसतो तो. ॲक्रिलिक दिसायला फार छान पण घासून घासून ओरखडे येतात, कॉटनच्या मऊ कापडानंच पुसायचं. मेंब्रेन म्हणजे फॉइल चढवलेली शटरं आपल्या गावात मला पटत नाहीत, शेगडीच्या बाजूला आणि पश्चिमेच्या खिडकीचं ऊन पडतं तिथं त्याची कड सुटते.

मे महिन्यात काम चालू असेल तर एक काळजी घ्या. फेविकॉल पसरला की ह्या उन्हाळ्यात वरनं लगेच सुकायला लागतो, आख्खी शीट पसरून सुतार चहाला गेला की चिकटायचं राहून जातं आणि सहा महिन्यांनी मधे फुगा येतो. लॅमिनेट लावायचं काम सकाळी लवकर, आणि लावल्यावर वजन ठेवून एक दिवस तसंच. प्लायच्या शीटा पण गच्चीवर उन्हात भिंतीला टेकून ठेवू नका, खोलीत सपाट, खाली पट्ट्या घालून ठेवा.

बॉक्स कसा करून घ्यायचा

इथं सुताराशी सरळ बोला. "दादा, बॉक्स स्क्रू आणि फेविकॉलनं पाहिजे, नुसत्या खिळ्यावर नको," एवढं वाक्य पहिल्या दिवशीच. खिळा धरून ठेवतो, ओढून घट्ट करत नाही, रोजच्या उघडझापीनं ढिला होतो. बोर्डचा बॉक्स असेल तर त्याला वेगळे जाड आट्याचे स्क्रू येतात, आधी ड्रिल मारून घालायचे, डायरेक्ट घातले तर बोर्ड फाटतो.

कडा. माझ्या मते सगळ्यात जास्त लक्ष इथं द्या. प्रत्येक शीटमध्ये पाणी शिरतं ते कडेतनंच, तोंडावरनं लॅमिनेट त्याला अडवतं. म्हणून दिसणाऱ्या कडा आणि न दिसणाऱ्या कडा दोन्ही बंद पाहिजेत, बॉक्सची भिंतीकडची कड, तळाची खालची कड, सिंकच्या पाईपसाठी पाडलेलं भोक, सगळं. शटरच्या कडेला २ एमएमची चिकटवायची पट्टी (एज बँड), आतल्या फळ्यांना ०.८ चालते. ही पट्टी मशीनवर लावलेली चांगली, हातानं सोल्यूशन लावून चिकटवलेली उन्हाळ्यात सुटते. म्हणून घरात कटिंग करण्यापेक्षा मापं देऊन वर्कशॉपमध्ये पॅनल कापून, एज बँडिंग करून आणायचं आणि घरी नुसतं जोडायचं, हे मला जास्त पटतं, धूळ पण वाचते. ज्या कडेला पट्टी बसत नाही, भोकं वगैरे, तिथं सीलर किंवा पीयू पॉलिशचे दोन हात.

पाय. बॉक्स फरशीवर डायरेक्ट ठेवायचा नाही, काही झालं तरी नाही. चार ते सहा इंचाचे प्लास्टिकचे ॲडजस्टेबल पाय लावा आणि पुढं खालची फट झाकणारी, क्लिपवर बसणारी स्कर्टिंग पट्टी, पीव्हीसीची किंवा ॲल्युमिनियमची, प्लायची नको. क्लिपवरची असली की ओढून काढता येते, खाली पाणी गेलंय का बघता येतं, पुसता येतं. पाण्याच्या दिवशी पिंप वाहिला तरी बॉक्स चार इंच वर असतो. एवढ्या एका गोष्टीनं ट्रॉलीचं आयुष्य वाढतं.

मागची बाजू ६ ते ८ एमएमची, खाचेत बसवलेली, भिंतीपासून थोडी सुटी, म्हणजे भिंतीची ओल थेट लागत नाही. सिंकच्या बॉक्सला मागची शीट लावूच नका, प्लंबरला हात घालायला जागा पाहिजे, आणि तळाला ॲल्युमिनियमची शीट किंवा ट्रे. फळीची लांबी दोन फुटांच्या वर नको, १८ एमएमची तीन फूट फळी स्टीलच्या भरलेल्या डब्यांनी हळूहळू वाकतेच. वर्षाची ज्वारी भरणारं घर असेल तर कोठीसाठी खाली एक मोकळा खण फरशीवरच सोडा, ५० किलोचं पोतं ट्रॉलीच्या चॅनेलवर, म्हणजे ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्यांवर, ठेवायची गोष्ट नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी, पापड ह्यांचा खण सिंकपासून लांब, वरती.

बिजागरी आणि चॅनेल

दिसत नाहीत म्हणून इथं काटछाट होते, आणि रोज हात ह्यालाच लागतो. आतल्या बिजागरीचा ३५ एमएमचा गोल कप शटरमध्ये बसतो, ते भोक मशीनच्या बिटनंच पाडलेलं पाहिजे. शटर बॉक्सची कड पूर्ण झाकणार का अर्धी का आत बसणार, त्यावर बिजागरीचा वाक बदलतो, सुतार त्याला झिरो, आठ आणि सोळा क्रँक म्हणतात, ऑर्डर करायच्या आधी हे ठरलेलं असावं. तीन फुटापर्यंतच्या शटरला दोन बिजागऱ्या, पाच-सव्वापाच फुटापर्यंत तीन, त्याच्यावर चार, एचडीएचएमआर असेल तर एक वाढवा.

चॅनेलवर किती किलो ते छापलेलं असतं, साधारण टेलिस्कोपिक ४५ किलोचा येतो, तो जोडीचा आकडा असतो. तार बास्केट का बंद ड्रॉवर, तर ताटं-कपासाठी बास्केट, डाळी-पिठाच्या डब्यांना बंद ड्रॉवर, तारेवर डबे नीट उभे राहत नाहीत आणि पीठ खाली सांडतं. बास्केट एसएस ३०४ (चांगल्या ग्रेडचं स्टेनलेस स्टील) ची, बिलावर तसं लिहून घ्या, आपलं बोअरचं पाणी जड, हलक्या स्टीलला वेल्डिंगच्या जागी आधी गंज धरतो. चुंबक लावून ३०४ का स्वस्तातलं २०२ कळत नाही, दोन्हीला ते धड चिकटत नाही, त्यावर विश्वास ठेवू नका.

गॅस आणि वाळवी

सिलिंडर बंद खणात ठेवणार असाल तर शटरला किंवा बाजूला खाली जाळी पाहिजेच. एलपीजी हवेपेक्षा जड, गळाला तर खाली साचतो, वरच्या जाळीचा उपयोग नाही. त्या खणात स्विच, प्लग, लाईट काहीही नको. नळी ड्रॉवरच्या मागनं घासत जाणार नाही हे बघा, आणि केशरी सुरक्षा नळी ५ वर्षांनी बदलायची असते, तेव्हा ती हाताला येईल अशी ठेवा.

वाळवीचं, ट्रॉली बसायच्या आधी, ओटा मोकळा असतानाच पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवून भिंत आणि फरशीच्या सांध्यात ड्रिल मारून औषध भरून घ्या, नंतर हात पोचत नाही. तळमजल्याला आणि बंगल्याला तर नक्की. मातीच्या नळ्या भिंतीवर दिसल्या तर वाळवी, आणि बारीक गोल भोकातनं पिठासारखी भुकटी पडली तर ती पोरकिडा, त्याचा उपाय वेगळा, शीट बदलून मागायची.

कोटेशन आणि पैसे

स्क्वेअर फुटाचा एकच भाव सांगणारं कोटेशन घेऊ नका, त्यात काय काय आलं ते कळत नाही. लिहून मागा: खालचे बॉक्स कुठल्या शीटचे आणि किती एमएम, वरचे कुठल्या, आत लॅमिनेट आहे का, पट्टी किती एमएम, बिजागऱ्या किती आणि कुठल्या, चॅनेल किती किलोचे, स्कर्टिंग, पाय, माळ्याची शटरं धरलीत का. माप समोरच्या बाजूच्या क्षेत्रफळानं घेणार का रनिंग फुटानं, म्हणजे नुसत्या लांबीनं, हे पण. तीन जणांना हाच कागद द्या, म्हणजे तिघांचे आकडे एकमेकांशी लावता येतात. शीटा घरी उतरल्या की कापायच्या आधी मार्क आणि नंबरचा फोटो काढा.

पैशाचा शेवटचा हप्ता बसवल्याच्या दिवशी देऊ नका, पंधरा दिवस वापरून मग द्या, असं आधीच ठरवा, चांगला कारागीर ह्याला नाही म्हणत नाही. त्या पंधरा दिवसांत पाण्याचे दिवस येतातच. पाणी भरून झालं की स्कर्टिंग ओढून टॉर्चनं खाली बघा, सिंकखाली हात फिरवा, सगळे ड्रॉवर भरून उघडून बघा घासतात का, शटरच्या फटी वरपासून खालपर्यंत सारख्या आहेत का. बिजागरीचे स्क्रू फिरवून शटर वरखाली, डावीउजवीकडं कसं सरकवायचं ते सुताराकडनं शिकून घ्या, आणि उरलेल्या लॅमिनेटचा एक मोठा तुकडा, पट्टीची गुंडाळी आणि दोन जादा बिजागऱ्या मागून माळ्यावर ठेवा, कारण तोच रंग दोन वर्षांनी दुकानात मिळत नाही.